कोरं निशाण

फार जुन्या काळी, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक कुस्तीगीर पोरगा होता. मिसरूड फुटायच्या आतच त्यानं आसपासच्या गावांतले पहिलवान चितपट केले होते. गावाला त्याचं भारी कौतुक. कुणी दूध आणून द्यायचं, कुणी तूप, कुणी बदाम. शाळेत पाठवायचं मात्र कुणाच्याच मनात येत नसे.

एके दिवशी पोरगा लाल मातीनं भरलेल्या अंगानंच शाळेत गेला. म्हणाला, "गुरुजी, मला माझं नाव लिहायला शिकवा."

मागोमाग त्याला कुस्ती शिकवणारे वस्ताद आलेच. "नाव लिहून कुणाची पाठ मातीला लागते का रे? चल, जोर मारायचे राहिलेत."

गुरुजी काही बोलणार, तोच गावचे वडीलधारे म्हणाले, "गुरुजी, गावाच्या इज्जतीचा प्रश्न आहे. पोराला नुसतं पास करत जा, तेवढं सांभाळून घ्या."

आणि गुरुजींनी सांभाळून घेतलं! वर्गात कुंभाराची हुशार मुलगी होती. परीक्षेला पोराची पाटी तिच्यापुढे सरकवली जायची. ती "नको" म्हणाली, की सगळे डोळे वटारायचे, "मोठ्यांना उलट बोलतेस?" मग ती निमूटपणे लिहायची. पोरगा शेजारी बसून पेंगायचा, पास व्हायचा आणि मोठी माणसं एकमेकांना टाळ्या द्यायची. जणू परीक्षाच चितपट केली!

पुढे राजानं मैदान भरवलं. जिंकेल त्याला मानाची गदा आणि राजधानीच्या तालमीत जागा मिळणार होती. पोराला लहानपणापासून याच जागेची आस होती. सगळा गाव बैलगाड्या जुंपून निघाला. शेवटच्या कुस्तीत पोरानं असा धोबीपछाड मारला, की गावकऱ्यांचे फेटे आभाळात उडाले.

तेवढ्यात प्रधान एक पांढरंशुभ्र निशाण आणि गेरूत बुडवलेली काडी घेऊन आले. "शाब्बास, गड्या! आता आपल्या रीतीप्रमाणे यावर तुझं नाव लिही, खाली गावाचं. हे निशाण तालमीवर चढेल."

ही रीत गावात कुणाला ठाऊक नव्हती. इथवर कुणी पोहोचलंच नव्हतं.

पोरानं काडी घेतली आणि सवयीनं, अगदी सहज, गर्दीत उभ्या असलेल्या कुंभाराच्या मुलीपुढे धरली.

आपण काय केलं हे पोराच्या ध्यानात आलं, तेव्हा त्याची मान खाली गेली.

"लिही की पटकन!" वस्ताद दातओठ खात मुलीला म्हणाले.

"नाही लिहिणार," मुलगी म्हणाली. "आजवर लिहिलं, म्हणून तर ही वेळ आली."

प्रधानांना सगळं उमगलं. ते हळूच म्हणाले, "पोरा, गदा तुझीच. पण आमच्या तालमीत सकाळी माती असते आणि दुपारी पाटी. तुला जागा आज देता येत नाही."

पोरगा वस्तादांकडे वळला. डोळे भरले होते, तरी आवाज मोठा होता. "वस्ताद, एकही डाव न शिकवता तुम्ही मला कुस्तीत उतरवलं असतं का?"

वस्तादांनी मान खाली घातली. गुरुजी धोतराचा सोगा चाचपत राहिले. मघाशी फेटे उडवणारे आता ते शोधायच्या निमित्तानं वाकले.

परतताना पोरगा गाडीत बसलाच नाही. तो पायी निघाला. मुलगी त्याच्या बरोबरीनं चालू लागली.

"उद्या पाटी घेऊन शाळेत ये. लिहून देणार नाही, शिकवीन."

"आता अक्षरं गिरवायला लहान पोरांत बसायची लाज वाटते गं."

"मलाही वाटते. मी तुझ्या पाटीवर लिहीत राहिले ना." मग मागून हळूहळू येणाऱ्या गाड्यांकडे बघून ती म्हणाली, "पण सगळी लाज आपणच वाहायची का?"

गाड्यांमधली मोठी माणसं ते ऐकत होती.

तात्पर्य: खेळासाठी मुलांच्या हातातली पाटी काढून घेणारे त्यांचा खेळही अर्ध्यावर तोडतात, मैदानात मान मुलांची खाली जाते, पण लाज मोठ्यांची असते.