कोनाड्यातले कवठ

एकदा एक वृद्ध वैद्य अंगणात बसून सुपातले हिरडे निवडत असताना एक तरुण त्यांच्या दारात येऊन उभा राहिला. पायांवर वाटेची धूळ होती आणि खांद्याला लहानसे गाठोडे. वाकून नमस्कार करीत तो म्हणाला, "मला वैद्यकी शिकायची आहे. मला शिष्य करून घ्या."

वैद्यबुवांचे हात थांबले नाहीत. "कशासाठी?"

"लोकांची सेवा करण्यासाठी."

"हे इथे येणारा प्रत्येक जण सांगतो. कुणाला मान हवा असतो, कुणाला बापाने धाडलेलं असतं, कुणाला दुसरं काही जमत नसतं. त्यात पाप नाही. पण वाटेत पाठ केलेलं मला सांगू नकोस. घराचा उंबरा ओलांडलास तेव्हा मनात काय होतं?"

तरुणाने मान खाली घातली. बोलला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता.

"माझा धाकटा भाऊ तापाने गेला. मांडीवर घेऊन बसलो होतो मी त्याला. गावात वैद्य नव्हता. त्याचं अंग गार पडत गेलं आणि मी नुसता पाहत राहिलो. तेव्हाच ठरवलं, पुन्हा माझ्या डोळ्यांदेखत कुणाला मरू द्यायचं नाही."

औषधासाठी थांबलेल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. एक म्हातारी तर म्हणाली, "वैद्य व्हावा तर असा!" वैद्यबुवांचा चेहरा मात्र उतरला. हातातला हिरडा त्यांनी सुपात परत टाकला.

"हे उत्तर खरं आहे," ते म्हणाले. "म्हणूनच मला त्याची काळजी वाटते. राहा."

तरुण राहिला. पाला ओळखणे, मुळ्या धुणे, काढे आटवणे, नाडीवर बोट ठेवून डोळे मिटणे, हे सारे तो अशा तळमळीने शिकला की वैद्यबुवांनाही कधीकधी त्याला म्हणावे लागे, "अरे, जेव आता. खल कुठे पळून जात नाही." काही वर्षांत गाव त्याला धाकटे वैद्य म्हणू लागले. त्याच्या हाताला गुण आहे असे लोक बोलत आणि ते खोटे नव्हते.

वैद्यबुवांची एक रीत मात्र त्याला कधी समजली नाही. त्या भागात प्रेत घरातून गेले की त्या दिवशी त्या घरी चूल पेटत नसे. शेजारपाजारचे आणि सोयरे पिठलं-भाकरी नेऊन देत. त्याला कडू घास म्हणत. आपल्या औषधावर असलेले माणूस गेले, तर वैद्यबुवा आपल्या चुलीवरची भाकरी फडक्यात बांधून स्वतः त्या घरी नेत आणि ओसरीवर बसून राहत. काही बोलत नसत.

जडीबुटी विकायला येणारा एक व्यापारी थट्टेने म्हणायचा, "बुवा, तुमच्या कडू काढ्याला कुणी भीत नाही. पण तुम्ही भाकरी बांधून निघालात की आळीतली दारं लागतात!"

बुवा हसत. "शेटजी, मी भाकरी घेऊन निघतो तेव्हा जो यायचा तो येऊन गेलेला असतो. दार लावून काय फायदा?"

शिष्य अशा वेळी काही ना काही काम काढून घरीच थांबे. ज्या घरात आपण हरलो त्या घरी पुन्हा तोंड कसले दाखवायचे, असे त्याला वाटे. बुवांनीही त्याला कधी चल म्हटले नाही.

पुढे बुवांचे गुडघे धरले. दूरच्या आळ्यांत त्यांना जाववेना. तेव्हा कोष्ट्यांच्या आळीत बयाबाई नावाची बाई खोकल्याने अंथरुणाला खिळली होती, तिचे औषधपाणी त्यांनी शिष्याकडे सोपवले. घरात बयाबाई, तिचा नवरा कोंडिबा आणि लग्नाला आलेली मुलगी अनशी, एवढीच माणसे. शिष्याने अडुळसा, पिंपळी, ज्येष्ठमध सुरू केले आणि पथ्य सांगितले. तेल नाही, थंड नाही, आंबटाचा तर थेंबही नाही.

थंडी सरत आली होती. परसातल्या कवठाची फळे पिकून आपोआप गळत होती. एकदा अनशी एक फळ ओच्यात घेऊन आत आली आणि सगळ्या खोलीत त्याचा वास भरला. बयाबाईने डोळे उघडले.

"अने, गूळ घालून चटणी कर गं त्याची. बोटभर. तोंडाची चवच गेलीय माझ्या."

अनशीने शिष्याकडे पाहिले. "दादा, देऊ का?"

"मुळीच नाही. सगळं केलेलं वाया जाईल."

"मग निदान उशाशी ठेवू द्या," बयाबाई म्हणाली. "वास तर घेते. वासाला का पथ्य असतं?"

"वासाने मन ओढ घेतं, मावशी. बऱ्या झालात की टोपलीभर खा."

"टोपलीभर नको रे बाबा," ती हसली आणि त्या हसण्यानेच तिला खोकला लागला. अनशीने कवठ उचलले आणि बाहेरच्या ओसरीवरच्या कोनाड्यात ठेवले, आई बरी झाल्यावर देण्यासाठी.

पण बयाबाई बरी होत नव्हती. पायांवर सूज आली. नाकाचा शेंडा आणि कानाच्या पाळ्या गार लागू लागल्या. नाडी बोटाखाली यायची आणि मधेच हरवायची. शिष्याने हे सगळे पाहिले. त्याचा अर्थ त्याला चांगला कळत होता.

इथे त्या भागातली एक गोष्ट सांगायला हवी. तिथला वैद्य कधी 'आता आशा नाही' असे म्हणत नसे. तो फक्त म्हणे, "आता यांना काय हवं ते खाऊ द्या." याला पथ्य उठवणे म्हणत. तेवढ्या शब्दांवरून घर काय ते समजे. रुसलेली माणसे बोलावली जात, मनातले बोलून घेतले जाई आणि जाणाऱ्याच्या जिभेवर त्याच्या आवडीचे काही ठेवले जाई.

बुवांनी दोनदा विचारले. "पथ्य उठवायची वेळ आली का रे?"

"अजून नाही, बुवा," शिष्य म्हणाला. "औषध बदलून पाहतोय."

त्याच्या ओठांवर ते वाक्य येतच नव्हते. ते बोलणे म्हणजे भावाला पुन्हा एकदा मांडीवर घेऊन बसणे होते. तो रोज नवा काढा करून नेई आणि रोज सांगे, "उद्या उतार पडेल." घरातलेही बयाबाईला तेच सांगत. ती मान हलवी. तिची नजर तेवढी अधूनमधून ओसरीकडे जाई.

एके दुपारी काढ्याची वाटी तोंडाशी असतानाच बयाबाई गेली.

शिष्य परत आला. बातमी त्याच्या आधीच घरी पोहोचली होती. त्याने आपले गाठोडे काढले आणि धोतर, पंचा, आसन त्यात भरू लागला. स्वयंपाकघरातून थापटण्याचा आवाज येत होता. त्याने डोकावून पाहिले. गुडघे दुखत असतानाही वैद्यबुवा चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत होते. पिठल्याचे पातेले झाकून ठेवले होते.

शेवटची भाकरी शेकून झाल्यावर त्यांनी सारे फडक्यात बांधले आणि ते त्याच्या हातात दिले.

"आज हे तू ने."

शिष्य मागे सरला. "बुवा, माझं औषध चुकलं का?"

"नाही. मात्राही बरोबर होती. ती वाचणार नव्हती."

"मग कशासाठी जाऊ? शिव्या खायला?"

"दिल्या तर खा. गाठोडं इथेच असू दे. परत आल्यावर जायचं असेल तर घेऊन जा."

दिवस कलला होता. आळीतले माग बंद होते. कोंडिबा ओसरीवर गुडघ्यात डोके घालून बसला होता. शिष्याला पाहताच तो ताडकन उठला.

"औषध देऊन झालं, आता भाकर द्यायला आला व्हय? ठेवा तिकडं! नाहीतर कुत्र्याला घाला!"

बुवा बसत तसा शिष्य ओसरीच्या कडेला बसला. आतून अनशी आली. रडून तिचे डोळे सुजले होते, पण आवाज शांत होता. त्या शांतपणाचीच त्याला भीती वाटली.

"दादा, एक विचारू? तुम्हाला ठाऊक होतं?"

आता 'नाही' म्हणता आले असते. कुणालाही कधी कळले नसते. शिष्याने फडक्याची गाठ घट्ट धरली.

"होतं."

"कधीपासून?"

"पायाला सूज आली तेव्हापासून."

अनशी खांबाला टेकली. "आम्ही रोज तिला बरी होशील म्हणत राहिलो. ती पण आमचं मन राखायला हो म्हणत राहिली. एक शब्द खरा बोललो नाही आम्ही एकमेकींशी. आणि हे..." तिने कोनाड्यातले कवठ काढले. "वास तरी घेऊ द्या म्हणाली होती ना?"

तिने ते त्याच्या मांडीवर ठेवले. "घेऊन जा. आमच्या घरात नको आता."

मग तिने त्याच्या हातातले फडके घेतले, भाकरीचा तुकडा मोडला आणि बापापुढे धरला. "बाबा, सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या. खा." कोंडिबाने तोंड फिरवले. तिने हात तसाच धरून ठेवला. बऱ्याच वेळाने त्याने घास घेतला. शिष्याकडे मात्र दोघांपैकी कुणीही पुन्हा पाहिले नाही.

तो परतला तेव्हा वैद्यबुवा अंगणात त्याची वाट पाहत होते. त्याने कवठ त्यांच्यापुढे ठेवले आणि सगळे सांगितले, एकही शब्द न गाळता. शेवटी म्हणाला, "माझं येणंच चुकलं, बुवा."

वैद्यबुवांनी कवठ हातात घेतले, हुंगले आणि परत ठेवले.

"तू आलास तेव्हा तुझं कारण ऐकून बायका रडल्या होत्या," ते म्हणाले. "ते कारण चांगलं होतं. पण त्यात आजारी माणूस कुठे होतं? तू होतास, तुझा भाऊ होता आणि मरण होतं. बयाबाईच्या अंथरुणाशी बसून तू त्याच जुन्या मरणाशी भांडत राहिलास. भांडणाऱ्याची नजर शत्रूवर असते, बाळा. मधे निजलेली बाई कवठ मागतेय, हे त्याला ऐकू येत नाही. तिला जगवणं तुझ्या हातात नव्हतं. बोटभर चटणी तेवढी होती."

मग ते म्हणाले, "चूक तुझ्या एकट्याची नाही. हे सगळं मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं, तरी तुझ्या 'अजून नाही'वर मी विसंबलो. रांगत का होईना, मी तिकडे जायला हवं होतं. आज तू खाल्लेल्या शिव्यांतल्या अर्ध्या माझ्या होत्या."

"आता मी काय करू?"

"येताना आणलेलं कारण आज मोडलं. प्रत्येकाचं कधी ना कधी मोडतं. मानासाठी आलेल्याचं पहिल्या शिवीला मोडतं, तुझं आज मोडलं. राहायचं असेल तर आता दुसरं शोधावं लागेल. ते मला देता येत नाही."

शिष्य त्या रात्री गेला नाही. दुसऱ्या दिवशीही गेला नाही. गाठोडे कधी सोडले, ते कुणाच्या लक्षात आले नाही. कवठ त्याने औषधांच्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवले. आतला गर वाळत गेला, वास गेला, आणि पुढे पुढे उचलले की ते नुसते खुळखुळू लागले.

पुढच्या थंडीत त्याला एका म्हाताऱ्या तेल्याच्या घरी बोलावणे आले. त्याने नाडी पाहिली. कानाच्या पाळीला हात लावला. मग सुनेकडे वळून तो म्हणाला, "आता यांना काय हवं ते खाऊ द्या." सून मटकन खाली बसली. शिष्याला उठून निघून जावेसे फार वाटले, पण तो म्हाताऱ्याच्या आणखी जवळ सरकला.

"काका, काय खावंसं वाटतं?"

म्हाताऱ्याने कितीतरी वेळ विचार केला. "शिळ्या भाकरीचा काला. वर कच्चं तेल. आमच्या घाण्याचं हं, दुसऱ्याचं नको."

सून रडता रडता हसली आणि चुलीकडे गेली. काला येईपर्यंत शिष्य तिथेच म्हाताऱ्याचा हात धरून बसून राहिला. दोन दिवसांनी तो त्या घरी भाकरी घेऊन गेला.

परत आला तेव्हा वैद्यबुवा अंगणात हिरडे निवडत होते. "तू इथे कशासाठी आलास, असं मी विचारलं होतं," ते म्हणाले. "आता पुन्हा विचारू का?"

"नको, बुवा," शिष्य म्हणाला. "अजून सांगता येत नाही."

वैद्यबुवांनी सूप त्याच्याकडे सरकवले. दोघे हिरडे निवडू लागले.

दर वर्षी निकाल लागले की आपणही मुलांना कौतुकाने विचारतो, डॉक्टर का व्हायचंय? जे उत्तर येईल ते प्रेमाने ऐकावे. आणि एखाद्या संध्याकाळी ते उत्तर मोडून मूल घरी येईल, तेव्हा त्याच्यासाठी चूल पेटती ठेवावी.