मैनीच्या हातावरची माती

ऐका हं, आणि मध्ये मध्ये चुळबुळ करायची नाही! एका गावाच्या टोकाला कुंभारवाडा होता. वाडा कसला, एकच घर! तिथं राहायची इवलीशी मैनी आणि तिचे बाबा. भाकरी एकाच वेळची, पण अंगण बघावं तर काय थाट! लाललाल मडकुली, गोलगोल बोळकी, चिमुकल्या पणत्या.

पोळा परवावर आला होता. गावातल्या घराघरांत पूजेला बाबांचेच मातीचे बैल जायचे. आणि नेमका बाबांचा उजवा हात मुरगळला! मनगट सुजून टम्म झालं, बोटं मिटेनात.

"यंदा गाव बैलांवाचून राहणार गं मैने," बाबा म्हणाले आणि तोंड फिरवून बसले. त्यांचे डोळे भरले होते. निदान माती तरी आणून ठेवू, असं मैनीनं ठरवलं.

ती निघाली ओढ्याकाठच्या मातीच्या खाणीकडे. तिथं पिवळा तरवड फुलला होता आणि निळे चतुर उडत होते. खणण्याआधी मैनीनं कपाळ जमिनीला टेकवलं. कुंभाराची रीतच ती. "माये, घेऊ का गं?"

"घे की!" माती म्हणाली.

अगं बाई! मैनी दचकली. खाणीतून एक परी वर आली. करंगळीएवढी, रंगानं काळीसावळी. पंखांवर अभ्रकाचे कण लुकलुकत होते.

"किती वर्षांनी कुणी विचारून घेतंय!" परी हसली. "काय हवं, चिमणे?"

"बाबांचा हात बरा होऊ दे. बाकी काही नको."

परीनं ओलीगार माती मळून तीन गोळे केले. "दुखऱ्या जागी लाव, दुखणं पळेल. पण अटी आहेत हं. वाटेत कुणी दुखण्यानं कळवळलं, तर नाही म्हणायचं नाही. आणि गोळे संपले, तर परत मागायला यायचं नाही."

वाटेत गिरजाआजी चिंचेखाली डोकं धरून बसली होती. "ऊन लागलं गं पोरी, कपाळ नुसतं फुटतंय." मैनीनं गोळा थापून कपाळावर ठेवला. "आहाहा, काय गारवा!" आजी म्हणाली, आणि उठून चालायलाही लागली.

पुढं एक पांढरं वासरू लंगडत होतं, गुडघा सुजलेला. दुसरा गोळा तिथं गेला. वासरू टुणकन उडी मारून पळालं. वा रे माती! पायाखाली तुडवतो आपण तिला, आणि ती बघा किती गुणाची!

उरला एक. तो बाबांचा! मैनी धावत सुटली. तेवढ्यात कुणीतरी गळा काढलेला ऐकू आला. ती होती ठकी, मैनीला रोज 'चिखलडी, चिखलडी' म्हणून चिडवणारी. गांधीलमाशी चावून तिचा गाल वांग्यासारखा झाला होता.

मैनीनं गोळा पाठीमागे लपवला. हो, लपवला! खोटं कशाला सांगू? पण ठकी इतकी कळवळत होती की मैनीला राहवेना. रडत रडतच तिनं तो गोळा ठकीच्या गालावर लावला. ठकीचं रडणं थांबलं, मैनीचं काही थांबेना.

"हात तरी धू," ठकी हळूच म्हणाली. "ओढ्यात."

"नाही गं. हाताची माती बाहेर धुवायची नाही, घरच्या पाण्याच्या कुंड्यातच धुवायची. तिचंही भांडं होतं, बाबा सांगतात."

घरी येऊन मैनीनं मातीनं माखलेले हात कुंड्यातल्या इवल्याशा पाण्यात बुडवले. आणि बघते तर काय! पाण्यात सोनेरी कण लुकलुकले, आणि तळाशी मऊमऊ, लोण्यासारखी माती बसली. तिघांना लावताना हाताला चिकटलेली माती ती!

मैनीनं ती बाबांच्या मनगटावर लावली. दोघंही श्वास रोखून बसले. सूज उतरली. बाबांनी बोट हलवलं. मग दुसरं. मग सगळी मूठ मिटली!

"मैने, माझा हात!" बाबांनी तिला कवटाळलं.

कुंड्याच्या काठावर परी बसली होती. "मी तीनच दिले होते, चिमणे. चौथा तुझा तूच आणलास." एवढं बोलून ती उजळली, आणखी उजळली, आणि अंगणभर सोनेरी उजेड सांडून दिसेनाशी झाली.

पोळ्याला घरोघरी बैल गेले. सगळ्यांत देखणी जोडी ठकीकडे. ती घ्यायला ठकी स्वतः आली, आणि जाताना मैनीच्या शेजारी बसून, कोपरापर्यंत हात चिखलात घालून, एक वाकडातिकडा बैल करून गेली. हात धुतले ते मात्र कुंड्यातच.