पंगतीतलं जास्तीचं पान

“मग हे वाक्य खरं की खोटं, महाराज?”

प्रश्न टाकून मार्तंडशास्त्र्यांनी ऐटीत उपरणं सावरलं. काशीत बावीस वर्षं तर्कशास्त्र घोटून स्वारी आत्ताच नीरेकाठच्या मठात परतली होती. पायांवरची धूळसुद्धा धुतली नव्हती, पण वाद मात्र तयार होता.

केशवगिरी महाराज पंगत वाढत होते. ऐंशी ओलांडली, तरी हे काम त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नव्हतं.

“कुठलं वाक्य?”

“‘शिष्य परत येतो.’ जेवणाआधी रोज म्हणायचात. आणि एक पान जास्तीचं वाढायचात.”

“अजून वाढतो.”

“माझ्याआधी दहाजण मठ सोडून गेले. त्यांतला एक तरी आला?”

“नाही.”

“मग वाक्य खोटं!”

“तू आलास की.”

“अकरांत एक. एवढ्यावरून नियम होत नाही, महाराज.”

महाराजांनी हातातलं भाजीचं भांडं खाली ठेवलं.

“आंबा गोड असतो.”

“पुष्कळ आंबट निघतात.”

“निघतात ना... तरी आंबा गोड असतो.”

काशीत असते तर शास्त्रीबुवांनी चार ग्रंथ पुढे केले असते. इथे पळसाच्या पत्रावळींवर ऊन भात पडला होता आणि त्याचा वास येत होता. चौदाव्या वर्षी याच ओसरीवर बसून ते पोटभर जेवले होते. आणि एके पहाटे महाराजांचा निरोपही न घेता निघून गेले होते. पुढे साधं पत्र नाही. साऱ्या वाटेवर त्यांना एकच गोष्ट खात होती: आपली आठवण कुणाला असेल का? ते सरळ विचारायची लाज वाटत होती, म्हणून तर हा वादाचा खटाटोप.

“ते जास्तीचं पान... कुणाचं असतं?”

“शिष्याचं.”

“कोणत्या शिष्याचं?”

“शिष्याचं.”

मार्तंडला ते फार लागलं. म्हणजे आपणही अकरांतले एक. त्याने मान खाली घातली.

पंगतीत बसलेले धोंडबा हळूच त्याच्याकडे झुकले. मठातले जुने माणूस, पण मार्तंड गेल्यानंतर आलेले.

“शास्त्रीबुवा, त्या पानाचं मनावर घेऊ नका हं. महाराज ते उलटं वाढतात. चटणी उजवीकडे, भाजी डावीकडे. बाकीची पानं बघा, कशी सरळ आहेत. मी आलो तेव्हापासून सांगतोय, एकवीस वर्षं झाली. ऐकतच नाहीत.”

मार्तंडने पान पाहिलं.

घरी डाव्या हाताने घास उचलला म्हणून वडिलांनी त्या हातावर तापलेली पळी टेकवली होती. मठात पहिल्या दिवशी तो हात लपवून, उपाशीच बसून राहिला होता. महाराजांनी काही विचारलं नव्हतं. त्याचं पान तेवढं फिरवून वाढलं होतं. पुढे रोजच तसं वाढत गेले.

मार्तंडच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

“महाराज... हे पान...”

महाराजांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला पाटावर बसवलं. मग भातावर तूप वाढत म्हणाले,

“जेव. शिष्य डावखुरे असतात.”