बत्तीस आणि पंचवीस सदुसष्ट

"पोरांना गोष्ट आवडली, यात माझं काय चुकलं, भंतेजी?"

भंते रेवत तळ्याकडे पाहत होते.

उत्पला गजभिये विहाराच्या ओट्यावर बसली होती. मांडीवर टॅबलेट, शेजारी उत्तरपत्रिकांची पिशवी. नागपुराहून सकाळची बस धरून, तीन तास हाडं खिळखिळी करून घेत ती आली होती. तिला उत्तर हवं होतं, आणि ते लगेच हवं होतं.

थंडीतली दुपार. धुकं नव्हतं, पण पलीकडचा काठ पाण्यात विरघळल्यासारखा दिसत होता. शिंगाड्याच्या वेलींमधून एक अरुंद लाकडी डोंगा चालला होता... की थांबला होता, कळत नव्हतं.

"तुम्ही ऐकताय ना?"

"ऐकतोय. पाखराचं सांगत होतीस."

पाखराचं तिनं दोनदा सांगून झालं होतं. तिसऱ्यांदा सांगताना आवाज चढलाच.

तिसरीच्या गणितासाठी तिनं गोष्टींचे बारा व्हिडिओ केले होते. दोन वर्षं खपून. पहिल्या गोष्टीत एक म्हातारी रानातून बोरं आणते. सकाळी अठ्ठावीस, दुपारी चौदा. आठ आणि चार बारा होतात. त्यातली दहा बोरं म्हातारी पुरचुंडीत बांधते, आणि आभाळातून एक निळं पाखरू उतरतं. पुरचुंडी चोचीत धरतं आणि दशकाच्या घरात नेऊन ठेवतं. हातचा एक.

पोरं त्या पाखरापायी वेडी झाली होती. याच गावच्या शाळेत शुक्रवारी चाचणी घेतली. आधी व्हिडिओ दाखवला, मग गोष्टीशिवाय एकच बेरीज घातली. बत्तीस आणि पंचवीस.

चोवीसांपैकी एकोणीस पोरांनी लिहिलं, सदुसष्ट.

"दोन आणि पाच सात," उत्पला म्हणाली. "हातचा येतोच कुठं? तरी एकोणीस जणांनी दशकात एक वाढवला. आता आमच्या शिक्षण संस्थेतली वडीलधारी मंडळी म्हणतात, गोष्टी काढा, नुसती रीत ठेवा. गोष्टीनं पोरं भुलतात म्हणे. यांच्यातला एकही तिसरीच्या वर्गात तासभर टिकायचा नाही, पण..."

"पण?"

"पण तुमचं नाव निघालं की सगळे माना डोलावतात. भंतेजी होय म्हणाले तर उद्यापासून व्हिडिओ गोष्टींसकट शाळांत जातील. नाही म्हणाले तर बाराही बाद. आज रविवार आहे, भंतेजी."

"हो ना," भंते म्हणाले. "रविवारीच ऊन असं पडतं."

उत्पलानं दात आवळले.

भिक्खूचं चीवर घेण्याआधी भंते याच गावात मास्तर होते. तिसरीत ती त्यांच्या हाताखाली शिकली होती. ते गणित घालायचे आणि गप्प बसायचे. छडी नाही, ओरडणं नाही. नुसते बसून राहायचे. ती शांतता तिच्या अजून अंगावर यायची. पाटीवर घाम पडायचा आणि त्यात आकडे विरघळायचे.

"आम्हाला वाटायचं, तुम्हालाच उत्तर येत नाही," ती म्हणाली.

"कधी कधी यायचं नाही."

"मी थट्टा करत नाही. त्या गप्प बसण्यासाठीच मी हे सगळं केलं. कोणाही पोरीला तसं पाटीकडे बघत बसावं लागू नये म्हणून. पोर अडलं की म्हातारी बोलते. म्हातारी अडली की पाखरू येतं. मी हातचं काही राखलं नाही, भंतेजी. जे होतं ते सगळं ओतलं."

"हं... दिसतं ते."

ही शाबासकी होती की काय होतं, तिला कळेना.

तळ्याच्या बांधावरून एक मुलगी येत होती. डोक्यावर बांबूची पाटी, एका हातानं फ्रॉकचा ओचा धरलेला. चालताना ती पाण्यातल्या आपल्या सावलीकडे पाहत होती, त्यामुळे दोघी येताहेत असं वाटत होतं.

"चांदणी," भंते म्हणाले. "ढिवर कोळ्यांची लेक. तिसरीत आहे. तुझ्या एकोणिसांतली. कालच सांगत होती, सदुसष्ट लिहिलं म्हणून."

चांदणीनं पाटी ओट्यावर उतरवली, ओचा मोकळा केला. हिरवे शिंगाडे, ओले, दोन्हीकडून काटे बाहेर आलेले.

"भंतेजी, पाटीतले चौतीस आईनं तोडले. ओच्यातले सव्वीस मी. उद्या सकाळच्यासाठी."

दुपारनंतर भंते काही खात नाहीत, हे गावात पोरांनाही ठाऊक होतं.

उत्पलाला राहवलं नाही. तिनं पिशवीतून चांदणीचा कागद शोधून काढला.

"चांदणी, हे सदुसष्ट कसं आलं गं?"

चांदणीनं कागदाकडे पाहिलं. मग उत्पलाकडे, जरा कीव आल्यासारखं.

"पाखरू आलं ना, बाई."

"कुठून आलं?"

"त्याले काय विचारा लागते? बेरीज आली की येतेच थे."

भंते हसले. उत्पलाच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"अगं, पण इथं दोन आणि पाच..."

"चांदणी," भंते मध्येच म्हणाले, "पायाला चिखल आहे. धुऊन ये."

चांदणी नळाकडे गेली. भंतेंनी ओच्यातल्या ढिगातला एक शिंगाडा उचलला, उत्पलाच्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटं एकेक करून मिटवली.

"मागितल्याशिवाय उघडू नको."

"कोणी मागितल्याशिवाय?"

भंते पुन्हा तळ्याकडे पाहू लागले.

चांदणी ओल्या पायांनी परत आली. ओट्यावर तिची पावलं उमटली आणि उन्हानं ती हळूहळू पुसत गेली.

"किती झाले सगळे मिळून?" भंतेंनी विचारलं.

"लिहून करू?"

"तुला कसं करायचं तसं."

तिनं ढीग घालायला सुरुवात केली. दहाचा एक. आईचे तीन ढीग झाले, वर चार सुटे. तिचे दोन ढीग झाले, वर...

ती थांबली.

"पाच सुटे."

"बरं."

"चार आणि पाच नऊ." तिनं आभाळाकडे पाहिलं. खरोखरच पाहिलं. एक बगळा तळ्यावरून गेला, पण तो पांढरा होता आणि त्याला दुसरीकडे जायचं होतं.

"पाखरू नाई येत," ती म्हणाली.

"काहून?"

चांदणी गप्प झाली.

भंतेही गप्प होते.

उत्पलाच्या मुठीत काटे रुतू लागले. सांगून टाकावं, एका वाक्याचं तर काम आहे. तिनं तोंड उघडलं. भंतेंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, नुसतं तिच्या मिटल्या मुठीवर एक बोट ठेवलं. तोंड आपोआप मिटलं.

किती वेळ गेला कोण जाणे. डोंगा होता तिथंच होता. ऊन ओट्याच्या एका फरशीवरून दुसऱ्या फरशीवर सरकलं. उत्पलाला वाटलं, आपण तिसरीत आहोत. समोर पाटी आहे, पाटीवर घाम आहे. त्या दिवशीचं गणित तिला अजून पाठ होतं. उत्तरही पाठ होतं. ते उत्तर आपल्याला कोणी सांगितलं होतं बरं?

तिनं पुष्कळ आठवून पाहिलं...

कोणीच आठवेना.

"दहाच नाई झाले," चांदणी हळूच म्हणाली. दुसऱ्या कोणाशी तरी बोलत असल्यासारखी. "पुरचुंडीच नाई झाली. मग थे येऊन उचलंल काय?"

उत्पलानं खाली पाहिलं. सदुसष्ट लिहिलेला कागद तिच्या मांडीवर होता.

भंतेंनी मात्र काहीच ऐकलं नाही असा चेहरा केला. "मग एकोणसाठ म्हणायचे का?"

"नाई."

"नऊ सुटे आहेत ना?"

"हायेत. पण मी सव्वीस आणले." चांदणीनं आपले ढीग पुन्हा मोजले. बोटानं, मग डोळ्यांनी, मग डोळे मिटून. ओचा झटकून पाहिला. पाटी उपडी केली. बांधावरच्या वाटेकडे नजर टाकली आणि मान हलवली. "पडला नाई. पडला असता तर आवाज आला असता. एक कोणाजवळ तरी हाये."

तिनं भंतेंच्या हातांकडे पाहिलं. ते मांडीवर उघडे पडले होते, दोन वाळक्या पानांसारखे.

मग तिची नजर उत्पलाच्या मुठीवर आली.

ती जवळ सरकली. तिचे डोळे मोठे झाले, आणि आवाज अगदी बारीक.

"बाई... पाखरू तुमच्या मुठीत हाये."

उत्पलानं भंतेंकडे पाहिलं. भंते तळ्याकडे पाहत होते.

"द्या ना," चांदणी म्हणाली.

मूठ उघडताना बोटं दुखली. तळव्यावर काट्यांचे दोन लाल ठसे उठले होते. चांदणीनं शिंगाडा अलगद उचलला, उडून जाईल अशा बेतानं, आणि नवांच्या शेजारी ठेवला. दोन्ही तळव्यांत दहाचा ढीग धरून तो पाच ढिगांच्या रांगेत नेऊन ठेवला. नेताना तोंडानं पंखांचा आवाज काढला. फर्र...

"साठ."

मग तिनं हात पुसले आणि एक उत्पलापुढे केला.

"माझा कागद द्या, बाई. त्यात पुरचुंडी नव्हती, थे उगीच आलं." सदुसष्टमधला सहा तिनं खोडला, वर पाच लिहिला आणि कागदाकडे मान तिरकी करून पाहिलं. "बाकीच्यायलेही सांगू का?"

"नको," उत्पलाच्या तोंडून निघालं. तिची तीच दचकली.

"मीबी नाई सांगत," चांदणी म्हणाली. "फक्त विचारीन, पुरचुंडी कोठं हाये म्हणून."

रिकामी पाटी डोक्यावर पालथी घालून ती बांधावरून निघाली. पाण्यातली दुसरी चांदणीही तिच्याबरोबर निघाली.

उत्पलानं टॅबलेट उघडला. म्हातारी बोरं मोजत होती. आठ, आणि चार... बारा होताच आभाळातून निळं पाखरू लगबगीनं खाली येऊ लागलं. उत्पलानं त्याच्यावर अंगठा ठेवला. पाखरू हवेतच थांबलं, कोणी मागितल्याशिवाय उतरायचं नाही असं. म्हातारी दहा बोरं पुढ्यात घेऊन बसून राहिली.

किती शांत दिसत होती ती म्हातारी. तिला कसलीच घाई नव्हती. घाई तिच्या तोंडी शब्द घालणारीला होती.

तळ्यावरचा डोंगा मघाच्या जागी नव्हता. कधी निघाला, तेही कळलं नाही.

"भंतेजी," ती म्हणाली. आवाज मघाचा नव्हता. "संस्थेतले उद्या सकाळी विचारतील. गोष्टी काढा म्हणतील. मी काय सांगू त्यांना? काढू, की पाठवू?"

भंते उठले. ओट्यावरच्या सहा ढिगांपैकी एका ढिगातला शिंगाडा त्यांनी उचलला, तिच्या लाल ठशांवर ठेवला आणि तिची बोटं पुन्हा मिटवली.

"पाठव," ते म्हणाले. "एक हातचा ठेवून."