जोमाची खांड

या, असे पुढे या. पाय जरा जपून टाका. हा बांध खाऱ्या चिखलाचा, वरून वाळलेला दिसला तरी आत ओल धरून असतो. डाव्या हाताला खाडी आणि उजव्या हाताला आमच्या तिवरखारची मिठागरं. बांध सगळीकडे माणसाच्या कमरेइतका आहे, पण इथे बघा कसा वर आला आहे, बैलाच्या वशिंडासारखा. बांध फुटून खाडीचं पाणी आत शिरतं, त्या भगदाडाला आमच्याकडे खांड म्हणतात. इथे भगदाड नाही, उलट उंचवटा आहे, तरी या जागेचं नाव ‘जोमाची खांड’. येणारा प्रत्येक पाहुणा याचं कारण विचारतो, आणि गावातली जाणती माणसं सांगत आली ते असं.

फार जुन्या काळी तिवरखारला जोमा नावाचा माणूस होता. वारा सांगणं हे त्याच्या घराण्याचं काम. मिठाचा हंगाम सुरू झाला की रोज सांजेला तो या बांधावर उभा राही, नाक वर करून खाडीकडून येणारा वारा हुंगी आणि उद्याचं सांगे. तो ‘ओढा’ म्हणाला की गाव दुसऱ्या दिवशी वाफ्यांतलं मीठ ओढून राशी घाली. ‘झाका’ म्हणाला की असेल तेवढं मीठ पेंढ्याखाली जाई. मिठाला पावसाएवढा वैरी नाही. अवेळी एक सर आली तर महिन्याची मेहनत पाणी होऊन खाडीला मिळते.

जोमाचं सांगणं बहुतेक वेळा खरं व्हायचं. पण आभाळ कुणाच्या बापाचा नोकर नाही, कधी चुकायचंही. चुकलं की गाव त्याच्या दारात जमे. कुणी म्हणे, “नाक हाय का नुसतं भोक?” कुणी चिखलाचे गोळे भिंतीवर मारी. जोमा आतून कडी घालून बसे. बाहेरचा गलका थांबेपर्यंत तो उठत नसे, आणि दुसऱ्या दिवशी खाली मान घालून बांधावर जाई. त्याची बायको आंबी म्हणायची, “अवो, एकदा दार उघडून त्यांच्यामधी जाऊन उभं तरी राहा.” तो म्हणायचा, “खरं झाल्यावर येतंय का कोन माझ्या दारात? मंग खोटं झाल्यावर मी का जाऊ?”

असं बरंच वय गेलं. मग खाडीपलीकडच्या गावातून पदू नावाची मुलगी सून म्हणून आली. तिवरखारचा गावकारभार पाहणाऱ्या पोशा पाटलाच्या घरातच ती दिली होती. तिचा बाप मासेमार, त्यामुळे वाऱ्यापाण्याची तिला जाण. एका सांजेला जोमा ‘ओढा’ म्हणाला आणि ती सहज बोलून गेली, “मला तर वारं फिरलंय असं वाटतं.” रात्री पाऊस आला. ज्यांनी तिचं ऐकून झाकलं होतं त्यांचं मीठ वाचलं. तेव्हापासून लोक जोमाला विचारून झालं की हळूच तिलाही विचारू लागले. पुढे तर आधी तिला विचारू लागले.

ती खरी ठरायची याचं जोमाला एवढं लागलं नाही, असं सांगतात. त्याला लागलं ते निराळंच. एकदा पदूचंही चुकलं. तिने ‘ओढा’ म्हटलं आणि भर दुपारी ढग फुटला. जोमा दाराच्या फटीला डोळा लावून बसला. आता हिच्या भिंतीवर चिखल बसेल, आता हिला कळेल. पण पदू त्याआधीच डोक्यावर पाटी घेऊन वाफ्यांत उतरली होती. उरलंसुरलं ओलं मीठ ती सगळ्यांबरोबर उपसत होती. म्हणत होती, “चुकले बाबांनो. माझ्या बापालाही कधी कधी खाडी अशीच फसवायची.” आणि गाव हसलं. चक्क हसलं! म्हातारी माणसं म्हणाली, “आभाळच लबाड, पोरीचा काय दोस?” सांजेला कुणीतरी तिच्या घरी जिताडा मासाही नेऊन दिला.

त्या जिताड्याने जोमाच्या पोटात जी आग पेटली ती काही विझेना. त्याला जेवण गोड लागेना. “तीच चूक,” तो आंबीला म्हणे, “तीच! मी केली तर चिखल, तिनं केली तर मासा?” पदू वाटेत भेटली आणि ‘जोमाकाका’ म्हणून हाक मारली, की तो तोंड फिरवी. तिच्या अंगणात माणसं दिसली की त्याचे पाय आपोआप तिकडून जात आणि कानांत पडलेला एकेक शब्द तो घरी आणून उगाळत बसे. देवासमोर उभा राहून त्याने मागणं मागितलं ते पावसाचं नाही की मिठाचं नाही. त्याने मागितलं, हिची एक चूक अशी मोठी होऊ दे की गाव हसायचं विसरेल.

वैशाख संपत आला होता. त्या साली ऊन कडक पडलं होतं, मीठ भरघोस आलं होतं. बांधाच्या आत पांढऱ्या राशींची रांगच्या रांग लागली होती. अवसेच्या आदल्या सांजेला गाव बांधावर जमलं. पदू बराच वेळ वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली आणि म्हणाली, “अजून दोन दिवस कोरडे वाटतात. उद्या शेवटचं ओढून मग सगळं झाकू.” पोशा पाटलाने जोमाकडे पाहिलं. “जोमा, तुझं काय म्हननं?”

जोमाच्या नाकात त्या वेळी खाडीकाठच्या तिवरांच्या झाडांच्या मुळांचा कुजका वास शिरला होता. वारा दक्षिणेकडून वळला होता, किंचित, बोटाला कळेल न कळेल एवढा. पाऊस येणार, आणि पहाटेलाच येणार, हे त्याला स्वच्छ कळलं होतं. तो म्हणाला, “तुमची पदूबाय हाय ना. माझं कशाला?” आणि घरी निघून गेला.

पहाटे पाऊस कोसळला. उजाडेपर्यंत राशींच्या जागी राखाडी चिखल उरला. सगळ्या हंगामाचं मीठ गेलं. बायका वाफ्यांच्या कडेला बसून राहिल्या. जोमा मात्र लगबगीने निघाला. आज त्याला दाराच्या फटीतून बघायचं नव्हतं, डोळ्यांसमोर बघायचं होतं.

पदू बांधाखाली उभी होती, भिजून चिंब, हुंदके देत. आणि पोशा पाटील तिला म्हणत होता, “रडू नको गो. जानून का केलंस तू?” एका म्हातारीने आपलं कोरडं लुगडं तिच्या खांद्यावर टाकलं.

ते पाहिलं आणि जोमाचा तोल गेला. तो गर्दीत घुसून ओरडला, “हिला लुगडं घालता? हिला काय कळतंय? मना ठाव होतं! काल सांजेलाच मना ठाव होतं पाऊस येनार ते!”

आपण काय बोललो हे जोमाला सगळ्यात शेवटी कळलं. पोशा पाटील त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. “ठाव होतं? आनी गप ऱ्हायलास?” जोमाने आयुष्यभर शिव्या खाल्ल्या होत्या, पण त्या दिवशी कुणी शिवी दिली नाही. लोकांनी नुसती पाठ फिरवली. तो अगदी बरोबर ठरला होता, आणि बरोबर ठरलेल्या माणसाकडे गाव बघायला तयार नव्हतं.

तेवढ्यात वाऱ्याने रोख बदलला. जोमाने सवयीने नाक वर केलं आणि त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, “ऐका. ही नुसती सर नाय, मोठं वारं येतंय मागून. आज अवस. दुपारच्या भरतीला खाडी बांधावरनं येईल. मीठ गेलं, आता घरं जातील.”

“काल गप, आज बोलतोस?” कुणीतरी म्हणालं. कुणी जागचं हललं नाही.

पदूने डोळे पुसले. जोमाच्या तोंडाकडे तिने क्षणभर पाहिलं आणि पाटी उचलली. “काका, बांध कुठं कच्चा आहे?” जोमाने बोट दाखवलं. ती चिखल भरू लागली. तिच्यामागून पोशा पाटील गेला, मग एकेक करत सगळं गाव गेलं. जोमा काठावर घुटमळला. मग तोही उतरला. म्हणे, त्या चिखलात त्याने पाय घातला तो जन्मात पहिल्यांदाच.

दुपार व्हायला आली तशी खाडी फुगली. लाटा बांधाच्या माथ्याला लागल्या आणि इथे, आपण उभे आहोत तिथे, खांड पडली. तिवरांच्या फांद्यांचे भारे टाकले, वाहून गेले. दगड टाकले, तेही गेले. भारे धरून ठेवायला काहीतरी हवं होतं. जोमा खांडीत उतरला, भारे पाठीला लावले, खाडीकडे पाठ आणि गावाकडे तोंड करून त्याने पाय रोवले. “टाका चिखल!” तो म्हणाला.

माणसं पाट्यांवर पाट्या ओतू लागली. चिखल त्याच्या गुडघ्यांवर आला, पोटावर आला. मागून पाणी धडका देत होतं. गाव ओरडत होतं, “पदूबाय, इकडं आन! पदूबाय, पाटी दे!” असं सांगतात की छातीइतका गाडला गेला असतानाही ते नाव ऐकून त्याच्या काळजात बारीक कळ उठली. असूया अशी असते, माणूस मरायला टेकला तरी ती टवटवीत राहते. पण या वेळी तो हलला नाही.

पदूने वाकून विचारलं, “काका, भरती कधी उतरेल?”

जोमाने नाक वर केलं. “झालं. भरली आता. आता उतरेल, बघ.”

भरती उतरली नाही. वाऱ्याने पाणी दाबून धरलं होतं, ते चढतच राहिलं. चिखल त्याच्या गळ्याशी आला. लोक थकून पडायचे, उठायचे, पुन्हा पाटी उचलायचे. जोमाचं सांगणं साफ चुकलं होतं. पण कुणी ‘नाक की भोक’ म्हणालं नाही. उलट पोशा पाटील त्याच्या तोंडावरचं पाणी हाताने निपटत म्हणाला, “असू दे जोमा. चुकतं मानसाचं.” हे ऐकून जोमा हसला, असं म्हणतात. त्याचं हसणं गावाने तेव्हाच पाहिलं.

दिवस कलला तेव्हा पाणी ओसरलं. खांड बुजली होती, घरं वाचली होती. जोमाचा श्वास मात्र थांबला होता. लोक त्याला उकरून काढू लागले तेव्हा आंबी पुढे आली. “राहू द्या,” ती म्हणाली. “जनम दाराआड काढला. आता तुमच्यामधी बसू द्या.” तिनेच ओंजळभर चिखल उचलला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला. मग पदूने ठेवला, मग सगळ्या गावाने.

आजही तिवरखारला उद्याचं आभाळ कुणी सांगितलं आणि ते चुकलं, मग सांगणारा घरातला म्हातारा असो, रेडिओ असो की हातातला मोबाईल, तरी त्याला शिवी देत नाहीत. ज्याचं नुकसान झालं तो आणि ज्याने सांगितलं तो, असे दोघे मिळून इथे येतात आणि ओंजळभर चिखल ठेवतात. मोबाईलने फसवलं तर माणूस एकटाच येतो, बडबडत येतो, पण येतो. गेल्या साली आमच्याकडे एका लग्नात ‘आज कोरडं जाईल’ असं नवरीने सांगितलं आणि भर मांडवात पाऊस पडला. नवरदेवाकडची मंडळी तावातावाने बोलू लागली, तेव्हा नवरीच शालू खोचून बांधावर आली. तिच्या मागून नवरदेवही आला. दोघांचे हात चिखलाने भरले होते, तसेच ते जेवायला बसले.