पुसलेला अर्धा भाग

दुपारचे चार वाजले होते. वानुआतू देशातल्या मालेकुला बेटावर, किनाऱ्यालगतच्या वडाखाली दोघे बसले होते.

"सगळं कागदावर उतरवलंयस, तर माझ्याकडे कशाला आलास?" मासिंगमामांनी विचारलं.

"एक चित्र राहिलंय, मामा."

एलिक राजधानीच्या कॉलेजात शिकून आला होता. वाळूवर बोट न उचलता काढायची गावची एकशे अठरा चित्रं त्याने पुस्तकासाठी जमवली होती. कासव, खेकडा, नीरफणस.

"मेलेल्याच्या वाटेवरचं तेवढं द्या. मग आपलं काहीच हरवायचं नाही."

मामांनी तळव्याने वाळू सारखी केली.

त्या आवाजासरशी एलिकला लहानपणच्या संध्याकाळी आठवल्या. याच वडाखाली चार-पाच ठिकाणी बोटं फिरायची. गोष्ट आणि रेघ एकदमच संपायची. मग बाप हसत सगळं पुसून टाकायचा आणि एलिक भोकाड पसरायचा. आता या वाळूत कोंबड्या उकरतात...

मामांचं बोट वळणं घेत फिरलं आणि निघालं तिथेच येऊन थांबलं. मग त्यांनी निम्मं चित्र पुसलं.

"मेल्यावर वाटेत एक भुतीण बसलेली असते. ती असंच अर्धं पुसते. ते पुरं केलंस तर पितरांकडे जाशील. नाही जमलं तर ती तुला खाते. चल, मी भुतीण."

"तुम्ही? दात कुठायत?"

"चघळेन. काढ."

आताच तर पाहिलं होतं. एलिकने ऐटीत बोट टेकवलं. तिसऱ्या वळणाशी ते अडलं.

त्याचा दुसरा हात नकळत पिशवीतल्या कागदांकडे गेला.

"तिथे पिशवी नेऊ देत नाहीत," मामा म्हणाले.

एलिकने हात मागे घेतला. बोट मात्र तिथेच राहिलं...

"तुझ्या पणज्याच्या धाकट्या भावाबद्दल काय लिहिलंयस?"

"प्रस्तावनेत आहे. 'त्या काळी गावातले काही तरुण ऊसतोडीच्या कामासाठी ऑस्ट्रेलियाला गेले.'"

"गेले?"

एलिकने पिशवीतून ते पान काढलं.

"जहाजावर चढला तो लोखंडी कुऱ्हाड बघायला. गोऱ्यांनी त्याला खालच्या खणात उतरवलं आणि वरून झाकण लावलं. त्याची आई दोन दिवस या किनाऱ्यावर ओरडत होती. आणि तू लिहितोस, गेले."

एलिकने पेन्सिल काढून ती ओळ खोडली. त्याने विचारलं,

"मग काय लिहू, मामा?"

"हे चित्र आपल्यात दाढी फुटल्यावर शिकवतात. त्या जहाजाने इथून बत्तीस जण नेले. दाढी एकालाही नव्हती. सगळे तिकडच्या उसातच मेले."