काहिलीतली शेवटची जागा

“म्हणजे त्या जागेवर माझा हक्क होता की नव्हता, एवढंच सांगा, बाबा.”

जोतीबाबा पावट्याच्या शेंगा सोलत होते. त्यांनी हातातली शेंग सोलली, दाणे ताटलीत टाकले आणि दुसरी शेंग उचलली.

“बाबा...”

“ऐकलं.”

सदानंद लिगाडे हा तर्कशास्त्राचा प्राध्यापक, नुकताच निवृत्त झालेला. निवृत्त प्राध्यापकाला ऐकणारा मिळणं मुश्कील, पण तो दर श्रावणात नदीकाठच्या या मठीत यायचा तो बोलायला नव्हे. बाबांच्या पायाशी दोन दिवस गप्प बसायचा आणि परत जायचा. बेचाळीस वर्षांत हा प्रश्न त्याच्या तोंडातून एकदाही बाहेर पडला नव्हता.

बेचाळीस वर्षांपूर्वी बाबाही बाबा नव्हते. ते होते जोती गुळव्या, गुऱ्हाळावर उसाचा रस आटवून गूळ करणारे. त्या सालच्या महापुरात गाव बुडालं आणि गावात होडी नव्हती. तेव्हा जोतीने रस आटवायची लोखंडी काहील पाण्यात लोटली. परातीसारखी गोल, पण तो सोडून सहा माणसं मावतील एवढी मोठी. ती वाशाने ढकलत त्याने दिवसभर शाळेच्या गच्चीवरची माणसं माळावर पोचवली.

दुपार कलताना काहिलीत पाच जण बसले. सहाव्याची जागा तेवढी राहिली, आणि गच्चीवर राहिले दोघे. एकोणीस वर्षांचा सदा आणि त्याचे हिरेमठ मास्तर.

जागा सदाला मिळाली. जोती मास्तरांना न्यायला परत फिरला, तोवर वरून लोंढा आला होता आणि शाळेची भिंत बसली होती. मास्तर तिसऱ्या दिवशी सापडले.

त्यानंतर जोतीने गुऱ्हाळाचं तोंड पाहिलं नाही.

सदाने पुढे मास्तरांच्या नावाने वादविवाद स्पर्धा सुरू केली. विषय दरवर्षी एकच. होडीत एक जागा उरली आहे, ती कुणाला द्यावी? डॉक्टरला, गरोदर बाईला, म्हाताऱ्या शास्त्रज्ञाला? मुलं हिरिरीने बोलत, टाळ्या पडत, निकाल सदानंद देई. स्वतःचा निकाल मात्र त्याला कधी देता आला नाही. आपण एका भल्या माणसाच्या जागेवर बसून म्हातारे झालो, हे त्याला आत कुठेतरी सतत टोचत असे. यंदा स्पर्धेचं पंचविसावं वर्ष होतं, आणि त्या दिवसाचे साक्षीदार आता बाबा एकटेच उरले होते.

“काय झालं हुतं गच्चीवर?” बाबांनी विचारलं.

“तुम्ही होतात की तिथे.”

“मी वासा धरून हुतो. तू सांग.”

सदानंदने डोळे मिटले... आणि त्याचा चेहरा उजळला.

तो सांगू लागला. मास्तर शनिवारी शेवटच्या तासाला वर्गात वादविवाद घ्यायचे. बाकं भिंतीला लावायची, इकडे एक बाजू, तिकडे दुसरी, मधे काळ्या टोपीतले मास्तर. दोन्ही बाजू पुरत्या ऐकल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, हा त्यांचा दंडक होता. गावातल्या दोन पिढ्या त्या शनिवारांवर वाढल्या. काहिलीत बसलेले पाचही जण मास्तरांचेच विद्यार्थी.

मग काय, जागा कुणाची हे ठरवायची वेळ आली आणि गच्चीवर शनिवार भरला.

काहिलीतून बाबू कुंभार म्हणाला, पोराचं अख्खं आयुष्य पुढं आहे. अनसूया म्हणाली, मास्तर गेले तर शंभर पोरांचं शिक्षण जाईल. सदाने स्वतः मास्तरांच्या बाजूने तीन मुद्दे मांडले. मास्तर ओल्या धोतरात उभे राहून मान डोलवत होते. मुद्दा चांगला आहे, म्हणाले, पण पुरावा कुठाय? काहिलीतली माणसं त्या पाण्यातसुद्धा हसली.

बाबा उठले. त्यांनी कळशी उचलली.

“सांग तू. माझं ध्यान हाय.”

ते नदीकडे निघाले. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, एक पाऊल टाकून दुसऱ्याची वाट बघणारा. सदानंदला जरा वाईट वाटलं, पण सांगणं काही थांबेना. इतकी वर्षं आत धरून ठेवलेलं होतं सगळं. तो मोठ्याने, बाबांच्या पाठीला ऐकू जाईल असं सांगत राहिला. मास्तरांनी त्याचे तीन मुद्दे एकेक करून कसे खोडले... त्यांचा आवाज कसा वर चढायचा आणि मधेच कसा मऊ व्हायचा... तसं बोलणं त्याने पुन्हा कुठल्याही सभागृहात ऐकलं नाही. मास्तरांची फार आठवण येते, असं तो मधेच म्हणाला आणि पुढे सांगू लागला.

बाबा काठावर वाकले. कळशी भरली. वाटेत दोनदा थांबत परत आले.

सदानंद मास्तरांच्या दुसऱ्या मुद्द्यावर होता.

“मग?”

“मग बाबूने त्यावर उदाहरण दिलं...”

“अजून हाय?”

“बरंच आहे, बाबा.” हे सांगताना त्याच्या आवाजात अभिमान होता.

बाबांनी कळशी खाली ठेवली आणि धाप ओसरेपर्यंत ते उभे राहिले.

“शाळंपास्नं माळ किती लांब हुता, सदा?”

“फार नव्हता. असेल... इथून नदी आहे तेवढाच.”

आणि तो थांबला.

त्याने नदीकडे पाहिलं. मग बाबांच्या ओल्या पावलांकडे. ती काठापासून मठीपर्यंत आली होती आणि वाळायची होती अजून...



“पाणी तवर संथ हुतं,” बाबा म्हणाले. “मीबी ऐकत हुबा ऱ्हायलो. लई ग्वाड बोलत हुता तुम्ही. म्हटलं, शिकल्याली माणसं ठरवायला लागल्यात, मधी कशाला बोला...”

त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. ते त्यांनी पुसलं नाही.

 वर्गात सर्वांत मागे बसलेल्या मुलासारखा सदानंद बोलला.

“मग बसायचं कुणी होतं, बाबा?”

“कुणीबी बसायचं हुतं, सदा. मी परत येणारच हुतो.”